मूड बदलण्याचा दावा करणाऱ्या रंगीत क्लिप : एक परीक्षण

नंबरच्या चष्म्यावर पुढून अडकवायच्या रंगीत क्लिप आता ऑनलाइन मिळतात, तशाच पुण्या-मुंबईतल्या चष्म्याच्या दुकानांतही मिळतात. त्यांतला एक संच मी उन्हाळ्याच्या सुरुवातीला लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका दुकानातून घेतला आणि पावसाळा संपेपर्यंत आलटून-पालटून वापरला. संचात पिवळी, तपकिरी, हिरवी, निळी, गुलाबी आणि गडद नारिंगी अशा सहा क्लिप, एक टणक डबी, पुसण्याचे फडके आणि चकचकीत कागदावर छापलेली घडीपत्रिका होती. किंमत दीड हजार रुपयांच्या आत होती. काचा उन्हापासून डोळ्यांना वाचवतात की नाही याविषयी घडीपत्रिकेत एक ओळही नाही, मात्र प्रत्येक रंग मनाला काय देतो हे मोठ्या अक्षरांत आहे: पिवळा आनंद देतो, निळा शांत करतो, हिरवा समतोल राखतो, गुलाबी माया वाढवतो, तपकिरी स्थैर्य देतो आणि नारिंगी उत्साह देतो. दुकानदारांनी त्यात आपली भर घातली, “ताई, सकाळी पिवळी लावून बघा, दिवसभर फ्रेश वाटेल.”

निकाल आधीच सांगून टाकते. या काचांचा मनावर परिणाम होतो, पण घडीपत्रिकेने सांगितलेल्या वाटेने तो होत नाही, आणि दोन रंगांच्या बाबतीत तर तो जवळजवळ उलट दिशेने होतो. सहांपैकी तपकिरी आणि नारिंगी या दोन क्लिप पैसे वसूल करून देतात, पिवळी आणि गुलाबी मर्यादित कामाच्या आहेत, हिरवी नसती तरी चालले असते आणि निळी संचात असायलाच नको होती.

दुकानदारांचा भरवसा पिवळीवर होता, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. ही काच लावताच समोरचे दृश्य उजळते, ढगाळ सकाळी तर विशेषच, आणि क्षणभर खरोखरच प्रसन्न वाटते. वास्तविक काच प्रकाश वाढवू शकत नाही. ती निळा भाग अडवते, त्यामुळे डोळ्यांपर्यंत येणारा एकूण प्रकाश थोडा कमीच होतो. तरीही उजळ वाटते, कारण हवेतल्या धूसरपणात निळ्या प्रकाशाचा वाटा मोठा असतो आणि तो गाळला गेला की वस्तूंच्या कडा ठसठशीत दिसू लागतात. कावीळ झालेल्याला सगळे जग पिवळे दिसते, असे आपल्याकडे म्हणतात. या क्लिपचा अनुभव मात्र असा की एक-दोन मिनिटांत जग पिवळे दिसणे बहुतांशी थांबते. कागद पुन्हा पांढरा वाटू लागतो आणि आपण रंगीत काच लावली आहे हेच विसरायला होते. डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी आपापली संवेदनशीलता समोरच्या प्रकाशानुसार कमी-जास्त करून घेतात, हे स्पष्टीकरण जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान्नेस फॉन क्रीस यांनी १९०२ मध्ये मांडले होते आणि त्याचा गाभा आजही रंगविज्ञानात वापरला जातो.

या एका गोष्टीने घडीपत्रिकेचा पायाच डळमळतो. पिवळा रंग पाहून आनंद होत असेल असे धरले, तरी जो रंग दोन मिनिटांनी दिसतच नाही त्याने दिवसभर आनंद कसा द्यावा? शिवाय पिवळ्याच्या आनंदाविषयीही शंका घ्यायला जागा आहे. कॅलिफोर्नियातील पॅट्रिशिया वाल्देझ आणि अल्बर्ट मेहराबियन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना रंगांचे सुटे नमुने दाखवून त्यांच्या भावना नोंदवल्या, तेव्हा निळ्या आणि हिरवट-निळ्या छटा सर्वांत सुखद गणल्या गेल्या, तर पिवळ्या आणि हिरवट-पिवळ्या छटा सर्वांत कमी सुखद ठरल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भावनेवरचा परिणाम कोणता रंग आहे यापेक्षा तो किती उजळ आणि किती भडक आहे यावर जास्त अवलंबून होता. आपल्या हळदी-कुंकवाच्या आणि झेंडूच्या देशात पिवळ्याला मंगलतेची जोड आहे ती वेगळी. तो संस्कृतीचा संस्कार आहे, आणि चष्म्याच्या काचेला त्याचे श्रेय देता येणार नाही.

दीर्घकाळ रंगीत काच वापरली तर मेंदू किती दूरवर जुळवून घेतो, याचे अधिक ठळक उदाहरण घरातच पाहायला मिळते. मोतीबिंदूमुळे डोळ्यातले भिंग वर्षानुवर्षे पिवळट-तपकिरी होत जाते, म्हणजे माणसाच्या डोळ्यांवर एक रंगीत काच हळूहळू चढत जाते आणि त्याला ती कळतही नाही. शस्त्रक्रियेनंतर माझी आई काही दिवस ट्यूबलाइटच्या निळसर पांढरेपणाविषयी तक्रार करत होती आणि घराचा रंग कधी बदलला असे विचारत होती. हा निळसरपणा बराचसा लवकर ओसरतो, पण पांढरे म्हणजे नेमके कोणते हे मेंदूने नव्याने ठरवण्याचे काम पुढे काही महिने चालू राहते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००४ मध्ये अशाच रुग्णांवर मोजून दाखवले. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाल्यावर ते कधी सगळे पिवळे दिसते तर कधी सगळे निळे दिसते म्हणून अतिशय उद्विग्न झाले होते आणि त्यांना रंगीत काचांचे चष्मे देण्यात आले होते. रंग बदलल्याने माणूस उदास झाल्याचे हे खरे उदाहरण म्हणता येईल. मात्र तिथे कारण पिवळा किंवा निळा रंग हे नव्हते, ज्यावर आयुष्य उभे होते तो रंगांचा हिशेबच चुकू लागला हे होते.

तपकिरी क्लिप मला सर्वांत आवडली आणि ती मी सर्वांत जास्त वापरली. मे महिन्यात दुपारी सिंहगड रस्त्याने जाताना समोरच्या गाड्यांच्या काचांवरून येणारी तिरीप ती चांगली थोपवते, गुलमोहर अधिक लाल दिसतो, आणि कोकणात उतरल्यावर जांभ्या दगडाची माती तर या काचेतून इतकी समृद्ध दिसते की क्लिप काढल्यावर थोडे निराश व्हायला होते. मन हलके होण्याचे कारण मात्र मला दुसरीकडे सापडते. इटलीतील दानिएले मार्झोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उन्हाकडे तोंड करून गॉगलशिवाय चालणाऱ्या लोकांनी राग आणि आक्रमकता जास्त नोंदवली. सूर्य पाठीशी असलेल्यांनी किंवा गॉगल लावलेल्यांनी ती कमी नोंदवली. स्पष्टीकरण असे की उन्हामुळे डोळे बारीक होतात, भुवया आकसतात, कपाळाला आठ्या पडतात, आणि हीच रागाची मुद्रा असल्यामुळे चेहऱ्याकडून मनाला तसा निरोप जातो. मुख्य म्हणजे या परिणामात रंगाचा काहीही संबंध नाही. तपकिरी काचेने मला एप्रिल-मेमध्ये दिलेला निवांतपणा बव्हंशी आठ्या न पडण्याचा निवांतपणा आहे, आणि तो घडीपत्रिकेतल्या ‘स्थैर्या’पेक्षा कितीतरी खरा आहे.

जूनमध्ये हीच क्लिप उलटू लागली, आणि या परीक्षणातला सर्वांत उपयोगाचा मुद्दा तोच आहे. डोळ्यांपर्यंत किती प्रकाश पोहोचतो याचा मनाशी असलेला संबंध रंगाच्या संबंधापेक्षा फार भक्कम आहे. भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतका प्रकाश असतो. उन्हाच्या नेहमीच्या गडद काचा, ज्यांना मानकांत तिसरा वर्ग म्हणतात, ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडतात. पंधरा टक्के धरले तर डोळ्यांपर्यंत पंधरा हजार लक्स पोहोचतात. उत्तरेकडच्या थंड देशांत हिवाळ्यातल्या नैराश्यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसवतात, त्याहूनही हे अधिक आहे. पण आषाढातल्या काळ्या ढगांखाली उघड्यावरचा प्रकाश पाच हजार लक्सवर, कधी त्याच्याही खाली येतो, आणि त्याचे पंधरा टक्के म्हणजे साडेसातशे लक्स. बाहेर फिरायला गेलेला माणूस प्रकाशाच्या हिशेबाने चांगली दिवाबत्ती असलेल्या कचेरीतच बसून राहतो. मुळशीकडे पावसात जाताना सवयीने ही क्लिप लावून ठेवली की मला दुपारीच कंटाळा यायचा, आणि क्लिप काढली की चार वाजताचे आभाळही बरे वाटायचे. यात प्रवासाचा शीण आणि भजी यांचाही वाटा असणार, तरी हिशेब पाहता प्रकाशाचा वाटा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

या संबंधामागे डोळ्यातील एक वेगळी यंत्रणा आहे. शंकुपेशी आणि मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी यांखेरीज दृष्टिपटलावर काही चेतापेशी अशा आहेत की त्या मेलॅनॉप्सिन नावाच्या द्रव्यामुळे स्वतःच प्रकाश ओळखतात. अमेरिकेतील डेव्हिड बर्सन यांच्या गटाने २००२ मध्ये हे दाखवून दिले. या पेशींचे मुख्य काम चित्र घडवणे हे नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, उजेड किती आहे, याची वर्दी त्या मेंदूतल्या झोप-जागेच्या घड्याळाला देतात, आणि सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. आपल्या जाणिवेत कागद पुन्हा पांढरा झाला म्हणून या पेशींना फसवता येत नाही. काचेने अडवलेला निळा प्रकाश त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून रंग दिसेनासा झाल्यावरही रंगीत काचेचा परिणाम चालू राहू शकतो, आणि तो कोणत्या वेळी हवा आहे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

नारिंगी क्लिपचे सगळे मोल इथे आहे. घडीपत्रिका तिला ‘उत्साह’ म्हणते आणि सकाळी व्यायामाच्या वेळी लावायला सांगते. माझ्या मते तिची वेळ रात्रीची आहे आणि काम उत्साह उतरवण्याचे आहे. नॉर्वेत टोने हेन्रिक्सेन आणि सहकाऱ्यांनी उन्मादाच्या (मॅनिया) अवस्थेतील २३ रुग्णांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी या विषयातली मला माहीत असलेली सर्वांत लक्षवेधी चाचणी आहे. औषधोपचार चालू ठेवून काही रुग्णांना संध्याकाळी सहा ते सकाळी आठ असे सात दिवस नारिंगी काचांचे चष्मे दिले, इतरांना साध्या काचांचे. उन्मादाची तीव्रता मोजणाऱ्या गुणांकात पहिल्या गटात सरासरी १४.१ ची घट झाली, तर दुसऱ्यात फक्त १.७ ची. चाचणी लहान होती आणि ती रुग्णालयातील आजारी माणसांवर होती, त्यामुळे निरोगी माणसाने तिच्यातून फार मोठा अर्थ काढू नये, आणि आजारी माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच काढू नये. माझा स्वतःचा अनुभव एवढाच की रात्री जेवणानंतर संगणकावर काम करायचे असेल तेव्हा ही क्लिप लावल्यास डोक्यातली घाई कमी होते आणि झोप वेळेवर येते.

नारिंगीचा त्रास म्हणजे तिच्यात मेंदूची दुरुस्ती पुरी पडत नाही, कारण निळी माहिती मुळातच आत येत नाही. शंभराची जांभळट नोट आणि पाचशेची करडी नोट यांच्यातला फरक रंगावरून करणे अवघड जाते, पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग दिसत नाही, आणि गडद निळा व काळा मोजा एकाच जोडीत जातात. घरात बसून वापरण्याची वस्तू म्हणून हे सोसण्यासारखे आहे.

इथे एक खुलासा हवा. ‘ब्लू कट’ नावाने दुकानांत ज्या जवळजवळ पारदर्शक काचा जास्तीचे पैसे घेऊन बसवून देतात, त्यांच्यासारखी ही क्लिप नव्हे. त्या काचा सर्वसाधारणपणे १० ते २५ टक्केच निळा प्रकाश अडवतात, आणि १७ चाचण्यांचा आढावा घेऊन कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी करण्यात त्यांचा अल्पकालीन फायदा बहुधा नाही.

गुलाबी क्लिपने माझ्या मनात विशेष माया वाढवल्याचे घरातील कोणाच्या लक्षात आले नाही. गुलाबी रंगाविषयीच्या अशा आशा नव्या नाहीत. अलेक्झांडर शॉस यांच्या सांगण्यावरून १९७९ मध्ये सिअॅटलच्या नौदल तुरुंगातील एक कोठडी खास गुलाबी रंगवली गेली आणि कैदी शांत झाल्याचे जाहीर झाले, परंतु पुढे स्वित्झर्लंडमधील तुरुंगात नीट आखणी करून केलेल्या तपासणीत तसा परिणाम आढळला नाही. तरी गुलाबी काचेला एक खरा आधार आहे आणि तो अर्धशिशीच्या रुग्णांचा आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे एफएल-४१ नावाची गुलाबी छटा अर्धशिशी असलेल्या मुलांना देऊन पाहिली गेली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार चार महिन्यांनी त्यांच्या डोकेदुखीचे प्रमाण महिन्याला सरासरी ६.२ वेळांवरून १.६ वेळांवर आले, आणि तुलनेसाठी दिलेल्या निळ्या काचांचा सुरुवातीचा फायदा मात्र टिकला नाही. ही छटा निळ्या-हिरव्या पट्ट्यातला प्रकाश मोजून अडवते. संचातली गुलाबी क्लिप फिकट आणि शोभेची आहे, ती कोणता पट्टा किती अडवते याची नोंद कुठेही नाही, म्हणून अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांनी हिच्यावर विसंबू नये आणि नेत्रतज्ज्ञांकडून नेमकी छटा मागवून घ्यावी. डोकेदुखी टळल्यावर माणसाचा स्वभाव गोड होतो हे कोणीही मान्य करील. ‘माया’ आलीच तर त्या मार्गाने येईल.

हिरवीविषयी थोडक्यात सांगते. हार्वर्डमधील रामी बर्स्टीन यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले की अर्धशिशीच्या वेळी ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्ट्याचा हिरवा प्रकाश इतर रंगांपेक्षा कमी त्रास देतो. विक्रेते याचाच हवाला देतात, पण साधी हिरवी काच तसा अरुंद पट्टा देत नाही. १९५३ साली बॉश अँड लोम्ब कंपनीने आणलेली जी-१५ ही करडी-हिरवी काच सगळे रंग बऱ्यापैकी जसेच्या तसे ठेवून सुमारे १५ टक्के प्रकाश सोडते, म्हणून ती इतकी वर्षे टिकली. संचातली हिरवी तशी नाही. ती पोपटी आहे आणि तिच्यातून समोरची माणसे आजारी दिसतात.

निळी क्लिप मात्र नुसती निरुपयोगी नाही. जो प्रकाश सर्वांत जास्त विखुरतो तोच ती आत घेते आणि बाकीचा अडवते, त्यामुळे दृश्य धुरकट होते, गाड्यांचे लाल ब्रेक-दिवे मंद दिसतात आणि संध्याकाळी डोळ्यांना ताण येतो. शांततेचा दावाही उलटा आहे, कारण निळा प्रकाश शरीराला जाग आणणारा आहे. निळ्या काचेचे वेड माणसाला फार जुने आहे: फिलाडेल्फियाचे जनरल ऑगस्टस प्लेझन्टन यांनी हरितगृहाला निळ्या काचा बसवून द्राक्षे आणि डुकरे जोमाने वाढल्याचे सांगितले, आणि १८७७ च्या सुमारास अमेरिकेत लोक घरांच्या खिडक्यांना निळ्या काचा लावून त्यांच्या उजेडात आजार बरे होण्याची वाट पाहू लागले. ते वेड वर्षा-दोन वर्षांत ओसरले. घडीपत्रिका लिहिणाऱ्यापर्यंत ती बातमी पोहोचलेली दिसत नाही.

संचात करडी काच नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. करडी काच सगळे रंग सारख्या प्रमाणात मंद करते, भाजी निवडताना किंवा साडीचा रंग पाहताना फसवत नाही, आणि उन्हात दिवसभर वापरायला तिच्यासारखी काच नाही. बहुधा करड्या रंगाला कोणती भावना जोडावी हे न सुचल्याने ती वगळली गेली असावी.

बनावट सामान्य आहे. क्लिपच्या टोकांना रबर असले तरी ते काही आठवड्यांत सैल पडते आणि मग मूळ चष्म्याच्या काचेवर ओरखडे उमटतात. कोणत्याही क्लिपवर प्रकाशाचा वर्ग छापलेला नाही, अतिनील किरणांपासून संरक्षणाची खूणही नाही. ही बाब रंगापेक्षा गंभीर आहे, कारण गडद काचेमागे बाहुली विस्फारते आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते उलट जास्त प्रमाणात आत जातात. मी ओळखीच्या चष्मेवाल्यांकडे अतिनील टॉर्चसमोर क्लिप धरून नोटेवर प्रकाश पाडून पाहिला. तपकिरी आणि नारिंगीमागे नोटेच्या क्रमांकाची चमक नाहीशी झाली, निळीमागे ती अंधुक का होईना पण दिसत राहिली. पिवळी काच रात्री गाडी चालवताना लावावी असे अनेक विक्रेते सांगतात; बॉस्टनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये गाडी चालवण्याच्या कृत्रिम यंत्रावर २२ जणांची चाचणी घेतली, तेव्हा पिवळ्या काचांमुळे रस्त्यावरचा पादचारी अधिक चांगला दिसत नसल्याचे आढळले. ७५ टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडणारी कोणतीही काच मानकांनुसार संध्याकाळी आणि रात्री वाहन चालवण्यास योग्य नाही, त्यामुळे अंधार पडल्यावर गाडीवर असताना यातली एकही क्लिप लावू नये.

पूर्ण संच घ्यावा असे मी म्हणणार नाही. याच पैशांत चष्मेवाल्यांकडून नंबरच्या काचेवर तपकिरी किंवा करडी छटा करून मिळते आणि क्लिपची कटकट राहत नाही. मागताना रंगाचे नाव सांगून थांबू नये, काच किती टक्के प्रकाश सोडते आणि ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवते का, हे विचारावे. उन्हाळ्यासाठी तिसरा वर्ग ठीक आहे. पावसाळ्यात बाहेर लावायचीच असेल तर ४३ ते ८० टक्के प्रकाश सोडणारी पहिल्या वर्गाची फिकट छटा घ्यावी, आणि ऊन नसेल तेव्हा तीही काढून ठेवावी. रात्रीसाठी नारिंगी क्लिप सुटी मिळत असेल तर तेवढी जरूर घ्यावी.